जॉन स्मिथ नावाचा नागपूरकर

मंडळी, परवा भाच्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. चिखलाने भरलेला खंदक, धापा टाकण्याचा आवाज, आणि मधेमधे इंग्रजीत बोलणारा एक तरुण. हेल्मेटवर कॅमेरा बसवलेला, त्यामुळे जे त्याला दिसतं तेच आपल्याला दिसतं. युक्रेनच्या बाजूने लढायला स्वतःहून गेलेला कुणी परदेशी मुलगा होता. शेवटी म्हणतो काय, तर आवडलं असेल तर चॅनेल सबस्क्राइब करा! मागे तोफांचा आवाज चालूच.

भाच्याने खाली विचारलं होतं, "मावशी, तू इतिहासाची ना? आपल्या मराठी माणसांपैकी कुणी असं दुसऱ्याच्या लढाईत स्वतःहून गेलं होतं का गं कधी?"

गेलं होतं की. पण ते उत्तर फोनवर दोन ओळींत मावण्यासारखं नव्हतं, म्हणून हा लेख.

त्यांचं नाव गोपाळ मुकुंद हुद्दार. नागपूरकडे बाळाजी हुद्दार म्हणून ओळखले जायचे. जन्म १९०२ चा. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या इतिहासात हे नाव अगदी सुरुवातीलाच येतं, कारण १९२९ मध्ये डॉ. हेडगेवार सरसंघचालक झाले तेव्हा पहिले सरकार्यवाह झाले ते हुद्दार. त्यानंतर १९३१ मध्ये बालाघाटच्या एका राजकीय दरोड्याच्या प्रकरणात त्यांना शिक्षा झाली. क्रांतिकार्याला पैसा हवा म्हणून दरोडा, ही त्या काळातली ओळखीची गोष्ट. तुरुंगातून सुटल्यावर 'सावधान' या साप्ताहिकाचं संपादन केलं आणि मग पत्रकारितेचं शिक्षण घ्यायला ते लंडनला गेले.

इथपर्यंतचं चरित्र त्या पिढीतल्या दहा-वीस जणांचं असू शकेल. पुढचं मात्र नाही.

१९३६ च्या जुलैमध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं. निवडून आलेल्या प्रजासत्ताक सरकारविरुद्ध जनरल फ्रँको आणि इतर सेनाधिकाऱ्यांनी बंड केलं. हिटलर आणि मुसोलिनी यांनी फ्रँकोला विमानं, रणगाडे, माणसं पुरवली. इंग्लंड-फ्रान्सने "आम्ही मध्ये पडणार नाही" असं धोरण घेतलं. तेव्हा पन्नासहून अधिक देशांतली साधी माणसं सरकारच्या बाजूने लढायला निघाली. त्यात खाणकामगार होते, गोदीतले हमाल होते, विद्यार्थी, कवी, शिंपीही होते. एकूण पस्तीस हजारांच्या आसपास. ब्रिटनमधून अडीच हजारांच्या आसपास गेले आणि त्यांतले पाचशेहून अधिक तिथेच राहिले. या पलटणींना म्हणायचे इंटरनॅशनल ब्रिगेड. मुलांना शिकवताना हा भाग दोन ओळींत संपायचा. दुसऱ्या महायुद्धाची 'रंगीत तालीम' असं म्हणून आम्ही पुढे जायचो!

ब्रिटिश सरकारने जानेवारी १९३७ मध्ये जाहीर केलं की स्पेनला लढायला जाणं हा १८७० च्या कायद्याखाली गुन्हा आहे. मग लोक लपून जाऊ लागले. लंडनहून पॅरिसचं शनिवार-रविवारचं परतीचं तिकीट काढायचं, त्याला पासपोर्ट लागत नसे. तिथून दक्षिण फ्रान्स, आणि रात्री पायी पिरेनीज डोंगर ओलांडायचा. परतीचं तिकीट खिशात तसंच राहायचं.

हुद्दार १९३७ मध्ये या ब्रिगेडमध्ये भरती झाले. नाव घेतलं 'जॉन स्मिथ'. आपल्याकडे कुणी 'रामा शिंदे' असं नाव सांगावं, तसलं हे नाव. गर्दीत कुठेही मिसळून जाणारं. गंमत अशी की ब्रिटिश पलटणीचं अधिकृत नाव होतं 'सकलातवाला बटालियन'. शापूरजी सकलातवाला म्हणजे मुंबईत जन्मलेले पारशी, जमशेटजी टाटांचे भाचे, लंडनच्या बॅटरसी भागातून ब्रिटिश संसदेत निवडून गेलेले कम्युनिस्ट. ते जानेवारी १९३६ मध्ये वारले होते. म्हणजे मुंबईकराच्या नावाच्या ब्रिटिश पलटणीत इंग्रजी नाव घेतलेला नागपूरकर!

आता मला जे सांगायचंय ते इथे सुरू होतं. हा माणूस शिकायला गेला होता पत्रकारिता. म्हणजे पाहायचं आणि लिहायचं, हाच त्याचा व्यवसाय. तो युद्धात उतरला, आणि पहिली गोष्ट काय केली, तर स्वतःचं नाव पुसलं. भाच्याने पाठवलेल्या व्हिडिओतला मुलगा याच्या अगदी उलट टोकाला. त्याचं नाव, चेहरा, आवाज सगळं जगासमोर. दोघंही परक्या देशात, दोघंही स्वतःहून गेलेले, दोघांनाही पगारासाठी गेलो असं कुणी म्हणणार नाही. पण एकाच्या नोंदी किती आणि दुसऱ्याच्या किती!

स्पेनमध्ये नोंदी कमी होत होत्या असं मात्र नाही. ब्रिगेडचं स्वतःचं वर्तमानपत्र निघायचं, 'व्हॉलंटियर फॉर लिबर्टी'. रॉबर्ट कापा आणि गेर्डा टारो कॅमेरे घेऊन खंदकांतून फिरत होते. टारो तर जुलै १९३७ मध्ये ब्रुनेतेच्या लढाईत गेली, जेमतेम सव्वीस वर्षांची. आपल्या मोतीहारीला जन्मलेले जॉर्ज ऑर्वेल दुसऱ्या एका गटाच्या सैन्यात लढले, गळ्यात गोळी लागून वाचले आणि परत येऊन त्यांनी पुस्तक लिहिलं, 'होमेज टू कॅटालोनिया'. एप्रिल १९३८ मध्ये दीड हजार प्रती छापल्या, आणि ऑर्वेल १९५० मध्ये वारले तोपर्यंत तेवढ्याही खपल्या नव्हत्या. आज ते पुस्तक वाचल्याशिवाय कुणी स्पेनबद्दल बोलत नाही. नोंद करणाऱ्याला वाचक कधी भेटेल याचा काही नेम नसतो.

त्याच एप्रिल १९३८ च्या सुरुवातीला गांदेसा गावाजवळ हुद्दार पकडले गेले. फ्रँकोच्या फौजा तेव्हा झपाट्याने पुढे येत होत्या आणि ब्रिगेडची पांगापांग झाली होती. त्याआधी परदेशी स्वयंसेवक हाती लागला की अनेकदा तिथल्या तिथे गोळी घालत. पण आता फ्रँकोला आपल्या बाजूचे पकडले गेलेले इटालियन सोडवायचे होते, त्यामुळे अदलाबदलीसाठी जिवंत कैदी लागत होते. हुद्दार जगले ते या हिशोबामुळे.

त्यांना ठेवलं सान पेद्रो दे कार्देन्या इथे, बुर्गोस शहराजवळच्या एका जुन्या मठात. शेकडो परदेशी कैदी दाटीवाटीने कोंबलेले. उवा, मार, अपुरं अन्न. जर्मन गेस्टापोची माणसं येऊन कैद्यांची डोकी मोजायची. फ्रँकोच्या लष्करातला एक मानसोपचारतज्ज्ञ तर माणूस 'लाल' का होतो याचं कारण त्याच्या मेंदूत सापडेल म्हणून प्रश्नावल्या भरून घ्यायचा. (डॉक्टरच्या पदवीने शहाणपण येतंच असं नाही, हे आमचे हे नेहमी म्हणतात.)

आणि या असल्या जागी कैद्यांनी काय करावं? त्यांनी वर्ग सुरू केले. ज्याला जी भाषा येते ती त्याने दुसऱ्याला शिकवायची. बुद्धिबळाच्या स्पर्धा झाल्या. हाताने लिहून एक वर्तमानपत्रसुद्धा काढलं, 'जेली न्यूज'. 'डेली'च्या जागी जेलमधलं म्हणून 'जेली'. पहारेकऱ्यांची नजर चुकवून ते हातोहात फिरायचं. चार भिंतींच्या आतल्या वाचकांसाठी काढलेलं, आणि सापडलं तर मार ठरलेला. लिहिल्याशिवाय माणसाला राहवतच नाही, एवढं त्यावरून मला कळतं.

त्याच मठात त्या वसंतात आणखी एक कैदी होता. त्याचं नाव क्लाइव्ह ब्रॅन्सन. चित्रकार आणि कवी. तो हुद्दारांच्या दोन-चार दिवस आधी कालासेइते इथे पकडला गेला होता. कैदेत असताना त्याने सोबतच्या कैद्यांची रेखाचित्रं काढली. लंडनच्या मार्क्स मेमोरियल लायब्ररीत ती आजही आहेत. फोटो काढायची सोय नसलेल्या जागी पेन्सिलीने काढलेले ते चेहरे.

हा ब्रॅन्सन जन्माला कुठे आला होता माहीत आहे? आपल्या नगरला! १९०७ साली, लष्करी अधिकाऱ्याच्या घरी. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण दौंडच्या स्टेशनवर गाडी पकडणाऱ्या माझ्या पिढीच्या तोंडून नगरच निघतं.) त्याच्याकडे पुन्हा येते.

हुद्दारांची त्याच वर्षी सुटका झाली. नोव्हेंबरमध्ये लंडनमधल्या भारतीयांनी त्यांचा सत्कार केला आणि ते मायदेशी परतले. १९४० मध्ये कम्युनिस्ट पक्षात गेले. १९७९ मध्ये 'इलस्ट्रेटेड वीकली'त त्यांचा एक लेख आला, तो संघ आणि नेताजी यांच्याबद्दल. १९८१ मध्ये ते वारले.

आता याच्या शेजारी डॉ. कोटणिसांना ठेवून बघा. आमच्या कुरकुंभच्या पुढून जो रस्ता सोलापूरला जातो, त्या सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी काँग्रेसने पाठवलेलं पाच डॉक्टरांचं पथक मुंबईहून चीनकडे निघालं. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते, आणि पथकाचे प्रमुख डॉ. अटल हे आधी स्पेनमध्ये काम करून आलेले. कोटणीस १९४२ मध्ये चीनमध्येच गेले. त्यांच्यावर ख्वाजा अहमद अब्बासांनी पुस्तक लिहिलं, शांतारामबापूंनी १९४६ मध्ये सिनेमा काढला आणि स्वतः त्यात काम केलं. पुढे टपाल तिकीट निघालं. माझ्या शाळेतल्या मुलांना कोटणीस माहीत होते. हुद्दार शिक्षकांच्या खोलीतही कुणाला माहीत नव्हते.

कोटणीस बंदूक घेऊन गेले नव्हते, औषधांची पेटी घेऊन गेले होते, हा मोठा फरक आहे आणि तो मला मान्य आहे. पण आणखी एक कारण मला वाटतं. कोटणिसांना खऱ्या नावाने, हार घालून, बंदरावरून निरोप दिला होता. पाठवणारी संस्था होती. तिने जपून ठेवलं. हुद्दारांना कुणीच पाठवलं नव्हतं. संघाच्या गोष्टीत त्यांचा स्पेन बसेना, आणि कम्युनिस्टांच्या गोष्टीत त्यांचा संघ बसेना. दोन्ही घरांना अडचणीचा पाहुणा! स्वयंसेवक म्हणून लढणाऱ्याला निवृत्तिवेतन नसतं, पलटणीचं दफ्तर नसतं, गावातल्या दगडावर आकडाही नसतो. सातारा-पुण्याकडच्या कितीतरी गावांत पहिल्या महायुद्धाचा तो संगमरवरी दगड असतो, 'या गावातून इतके गेले, इतके कामी आले.' त्या दगडावरही नावं नसतात, नुसती संख्या. पण निदान संख्या तरी असते.

म्हणून मला आजच्या मुलांच्या कॅमेऱ्याचं एका परीने कौतुक वाटतं. आपली नोंद ठेवायला सरकार नाही, पलटण नाही, मग ती आपणच ठेवायची. पण दुसऱ्या परीने भीतीही वाटते.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, म्हणजे एकाहत्तरच्या लढाईच्या आसपास, वाडी-वस्तीवरच्या बायका फौजेतल्या नवऱ्याची पत्रं वाचून घ्यायला माझ्याकडे यायच्या. पत्त्यात गावाचं नाव कधीच नसायचं. '५६ एपीओ' एवढंच. आत 'मी खुशाल आहे, म्हातारीला जपा, बैल विकू नका.' वाचून झालं की बाई विचारायची, "पण बाई, हे आहेत कुठं?" मी काय सांगणार! तेव्हा त्या लष्कराचा मला राग यायचा. आता वाटतं, त्या न लिहिलेल्या गावाच्या नावात त्याचा जीव होता.

२०१४ मध्ये न्यूझीलंडहून इसिसमध्ये सामील व्हायला गेलेला एक जण सीरियातून ट्विटरवर लिहीत होता. फोनमधली ठिकाण दाखवणारी सोय बंद करायची राहिली, आणि तो कुठल्या गावात, कुठल्या घरात आहे ते सगळ्या जगाला दिसलं. मग घाईघाईने पंचेचाळीस ट्वीट पुसले. २०१५ मध्ये तर अमेरिकेच्या हवाई दलाच्या एका जनरलनेच सांगितलं होतं, की इसिसच्या एका तळासमोर उभ्या असलेल्या माणसाने टाकलेल्या फोटोवरून तो तळ शोधला, आणि बावीस तासांत त्यावर बॉम्ब पडले.

इसिसचं नाव काढलं की काही जण म्हणतील, बाई, त्यांना आणि हुद्दारांना एका लेखात कशाला बसवता? बसवायलाच हवं. आपल्या कल्याणहूनही चार मुलं मे २०१४ मध्ये तिकडे गेली होती. घरातून बाहेर पडणारा प्रत्येक मुलगा स्वतःला न्यायाच्या बाजूचाच समजत असतो. तो कुणाच्या बाजूने गेला आणि तिथे जाऊन त्याने काय केलं, हे त्याच्या डोळ्यांतल्या चमकेवरून ठरत नाही. इसिसच्या व्हिडिओंवर भुलून मुलं गेली हे आपण म्हणतो. पण स्पेनमध्येही मेलेल्या स्वयंसेवकांची पत्रं छापून पुस्तिका निघत होत्या, त्या वाचून नवे भरती होत होते. नोंद आणि भरती या दोन्ही गोष्टी तेव्हाही एकमेकींत गुंतलेल्याच होत्या. म्हणून वर्गात मी एक प्रश्न फळ्यावर लिहून ठेवायचे : हे कोणी, कोणासाठी लिहिलं? मुलं कंटाळायची. पण व्हिडिओ पाहतानाही तोच प्रश्न विचारावा लागतो.

हजारो लोकांनी पाहावं म्हणून काढलेल्या व्हिडिओपेक्षा मी एका माणसाला लिहिलेल्या पत्रावर जास्त विसंबते. पण हाही नियम पक्का नाही. मार्च २०२४ मध्ये पंजाब-हरियाणाच्या सात मुलांचा एक व्हिडिओ आला होता, आठवतोय? रशियन लष्कराचे कपडे घातलेले, एका खोलीत दाटीने उभे. फिरायला म्हणून गेलो होतो, आम्हाला सही करायला लावून लढाईवर पाठवताहेत, आम्हाला सोडवा, असं सांगणारा. ते स्वयंसेवक नव्हतेच, फसलेले होते. तो व्हिडिओ हजारोंसाठीच होता आणि त्याचं प्रत्येक वाक्य जिवाच्या आकांताने बोललेलं होतं. पत्र लिहिलं असतं तर ते पोचलं असतं का? जुलैमध्ये पंतप्रधानांनी मॉस्कोत हा विषय काढला, त्यानंतर अनेक जण परत आले. काही आलेच नाहीत.

आणि टिकण्याचं काय? लोकांना वाटतं, इंटरनेटवर टाकलं की कायमचं राहिलं. २०१७ मध्ये यूट्यूबने हिंसक मजकूर शोधणारी यंत्रणा लावली, आणि सीरियातल्या युद्धाचे हजारो व्हिडिओ यंत्राने आपोआप काढून टाकले. त्यात अतिरेक्यांचे होते, तसे अत्याचाराचे पुरावे म्हणून जिवावर उदार होऊन काढलेलेही होते. काही परत मिळवले, काही गेले ते गेलेच. अलीकडची साधनं नाहीशी, आणि १९३८ ची पेन्सिलीची चित्रं शाबूत!

तर पुन्हा ब्रॅन्सनकडे. स्पेनमधून सुटून तो इंग्लंडला गेला. दुसरं महायुद्ध सुरू झालं, ब्रिटिश लष्करात रणगाड्यांच्या तुकडीत भरती झाला, आणि १९४२ मध्ये त्याची रवानगी कुठे व्हावी? हिंदुस्थानात, तीही पुणे जिल्ह्यात! त्याची काही पत्रं गुळुंचे इथल्या लष्करी तळावरून लिहिलेली आहेत. गुळुंचे म्हणजे नीरेजवळचं, काटेबारशीच्या यात्रेचं. आमच्या कुरकुंभहून बारामतीमार्गे तासा-दीड तासाचा रस्ता.

ही पत्रं त्याने बायकोला, नोरीनला लिहिली. इथलं दारिद्र्य, गोऱ्या सैनिकांची इथल्या माणसांशी वागायची मग्रूर रीत, १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळात पाहिलेली माणसं, सगळं त्यात आहे. लष्कराचा सेन्सॉर पत्रं उघडून वाचतो हे त्याला माहीत होतं, तरी लिहिलं. २५ फेब्रुवारी १९४४ रोजी आराकानच्या लढाईत तो मारला गेला, वय छत्तीस. त्याच वर्षी लंडनमध्ये ती पत्रं पुस्तकरूपाने निघाली, 'ब्रिटिश सोल्जर इन इंडिया' या नावाने. सरकारी कागदांत तेव्हाच्या खेड्यांची पिकं, सारा, लोकसंख्या सगळं मिळतं. पण नगरला जन्मलेल्या एका परक्या शिपायाला आपली माणसं कशी दिसली, ते त्या दफ्तरात नाही. ते मिळालं कारण नोरीनने पत्रं जपून ठेवली.

गुळुंच्याचा तो तळ पाहिलेली माणसं आता नव्वदीच्या पुढे असणार. तुमच्यापैकी कुणाचं माहेर नीरा, जेजुरी, वाल्हे या बाजूला असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून बघा : बेचाळीसच्या सुमाराला गावाशेजारी गोऱ्यांचे तंबू होते का, आणि वही घेऊन चित्रं काढत बसणारा एखादा शिपाई कुणाला आठवतो का? आणि नागपूरकर वाचकहो, कुणाकडे 'सावधान'चे जुने अंक किंवा हुद्दारांची पत्रं ट्रंकेत पडून असतील, तर रद्दीत घालण्याआधी मला एक ओळ जरूर लिहा.